तरुण खेळाडू आणि हरण्याचा हिशेब

ग्रँड स्लॅम टेनिस स्पर्धेच्या महिला एकेरीत १२८ खेळाडू उतरतात. पंधरवडा संपतो तेव्हा त्यांपैकी १२७ जणी हरलेल्या असतात. बाद पद्धतीने खेळल्या जाणाऱ्या कोणत्याही वैयक्तिक खेळाचे हेच आहे. वर्षाला वीस-बावीस स्पर्धा खेळून त्यांतल्या दोन जिंकणारी खेळाडू त्या वर्षीची यशस्वी खेळाडू मानली जाते आणि तरीही उरलेल्या प्रत्येक स्पर्धेतून ती हरूनच घरी आलेली असते. सांघिक खेळात असे होत नाही. रणजी सामन्यात संघ हरला तरी सलामीवीराचे शतक त्याच्या नावावर राहते. गोलंदाजाने घेतलेले पाच बळी कोणी परत मागत नाही. टेनिस, बॅडमिंटन आणि बुद्धिबळ या खेळांत मात्र निकालपत्रकावर एकच नाव असते आणि त्यापुढे जिंकली किंवा हरली एवढेच लिहिलेले असते. बुद्धिबळात बरोबरीची सोय आहे, पण पुढे दिसेल त्याप्रमाणे ती बरोबरीही सगळ्यांना सारख्या भावात मिळत नाही.

एखादी कोवळ्या वयाची खेळाडू मोठे यश मिळवते, वर्तमानपत्रांत झळकते आणि पुढच्या सहा महिन्यांत चार-पाच वेळा लवकर हरते. मग चर्चा सुरू होते: डोक्यात हवा गेली, सरावाकडे लक्ष नाही, जाहिरातींत रमली, दडपण झेपले नाही. यांतले कधी काही खरेही असते. परंतु यशानंतरच्या घसरणीचा मोठा भाग खेळाडूच्या स्वभावात सापडत नाही. तो क्रमवारीच्या आणि गुणांकनाच्या हिशेबातच असतो. हा हिशेब खेळाडूला, तिच्या पालकांना आणि प्रशिक्षकाला नीट ठाऊक असेल तर पराभव किती मनावर घ्यायचा हे ठरवता येते. नसेल तर प्रत्येक पराभव म्हणजे चारित्र्यावरचा शेरा वाटू लागतो.

टेनिसच्या जागतिक क्रमवारीत कमावलेले गुण ५२ आठवडे टिकतात आणि मग गळून पडतात. गेल्या हंगामातला कापूस यंदाच्या गाडीत मोजत नाहीत, तसेच हे. इंग्लंडची एमा राडुकानू २०२१ च्या अमेरिकन खुल्या स्पर्धेत उतरली तेव्हा अठरा वर्षांची होती आणि क्रमवारीत १५०व्या स्थानावर होती. पात्रता फेरीतले तीन आणि मुख्य फेरीतले सात असे दहाही सामने तिने एकही सेट न गमावता जिंकले. पात्रता फेरीतून येऊन ग्रँड स्लॅम जिंकणारी ती पहिलीच खेळाडू. या एका स्पर्धेने तिला २०४० गुण दिले. बरोबर एका वर्षाने, २०२२ मध्ये, ती त्याच स्पर्धेत पहिल्या फेरीत फ्रान्सच्या अलिझे कॉर्नेकडून हरली आणि अकराव्या क्रमांकावरून ८३व्या क्रमांकावर आली. बाहेरून पाहणाऱ्याला हे कोसळणे दिसले. आत घडले ते इतकेच की एका असामान्य पंधरवड्याचे गुण मुदत संपून गेले आणि मागे तिची त्या वेळची खरी पातळी उरली. ८३वा क्रमांक एकोणीस वर्षांच्या मुलीसाठी उत्तमच म्हणायचा. पण अकरावरून ८३ आणि १५०वरून ८३ या दोन प्रवासांकडे लोक एका नजरेने पाहत नाहीत.

दुसरे कारण प्रतिस्पर्ध्यांचे. खेळाडू अनोळखी असते तोवर समोरची तिच्यासाठी वेगळी तयारी करत नाही. मोठा विजय मिळाला की तिचे सामने चित्रफितीवर पाहिले जातात, तिची सर्व्हिस कोणत्या कोपऱ्यात जास्त पडते, बॅकहँडवर उंच चेंडू आला की ती काय करते, याची टिपणे निघतात. तिने पूर्वीइतकेच चांगले खेळले तरी निकाल पूर्वीइतका चांगला लागत नाही. शिवाय मोठ्या यशानंतर प्रवेश मोठ्या स्पर्धांत मिळू लागतो आणि तिथे पहिल्याच फेरीत समोर येणारी खेळाडू कालपर्यंत उपांत्य फेरीत भेटत असे त्या तोडीची असते. अमेरिकेच्या कोको गॉफने २०१९ मध्ये पंधराव्या वर्षी विम्बल्डनला व्हीनस विल्यम्सला हरवले आणि पुढची चार वर्षे ‘ग्रँड स्लॅम कधी?’ हा एकच प्रश्न तिच्या मागे लागला. २०२२ च्या फ्रेंच स्पर्धेच्या अंतिम सामन्यात इगा श्वियाँतेकने तिला ६-१, ६-३ असे सहज नमवले. २०२३ च्या विम्बल्डनला ती पहिल्याच फेरीत बाहेर पडली आणि त्यानंतर दोन महिन्यांत अमेरिकन विजेती झाली. २०२५ मध्ये फ्रेंच स्पर्धा जिंकल्यावर लगेच विम्बल्डनला पुन्हा पहिल्या फेरीत हरली. इतक्या वर-खाली जाणाऱ्या आलेखातून तिच्या मनोबलाविषयी कोणताही एक निष्कर्ष काढणे हा वेळेचा अपव्यय आहे.

विदर्भातले टेनिसच्या सर्वांत जवळचे उदाहरण बॅडमिंटनचे आहे. नागपूरची डावखुरी मालविका बनसोड हिने १३ जानेवारी २०२२ रोजी दिल्लीच्या इंडिया ओपनमध्ये सायना नेहवालला २१-१७, २१-९ असे हरवले. सामना ३४ मिनिटांत संपला. मालविका तेव्हा वीस वर्षांची होती. दुसऱ्या दिवशी उपांत्यपूर्व सामन्यात ती भारताच्याच आकर्षी कश्यपकडून २१-१२, २१-१५ अशी हरली. २३ जानेवारीला लखनौच्या सय्यद मोदी स्पर्धेत ती अंतिम सामन्यापर्यंत गेली आणि तिथे पी. व्ही. सिंधूने तिला २१-१३, २१-१६ असे हरवले. अकरा दिवसांत एवढे सगळे झाले. पण लोकांच्या लक्षात राहिला तो पहिला दिवस, आणि पुढच्या प्रत्येक सामन्याकडे त्या दिवसाच्या तुलनेत पाहिले जाऊ लागले.

त्या विजयाकडे जवळून पाहिले तर अपेक्षा कशी तयार होते ते कळते. सायना नेहवाल हे नाव २०१२ च्या ऑलिंपिक पदकाचे आणि जागतिक पहिल्या क्रमांकाचे आहे. दिल्लीच्या कोर्टवर मात्र दुखापतींनंतर परतलेली एकतीस वर्षांची सायना उभी होती. मालविकाने हरवले ते त्या दिवशीच्या सायनाला. श्रेय मात्र तिला आख्ख्या नावाचे मिळाले. सायनाला हरवणारी मुलगी आकर्षीकडून कशी हरते, असा प्रश्न मग पडतो. क्रमवारी नावे मोजत नाही, अलीकडची कामगिरी मोजते. त्या हिशेबात आकर्षीचा विजय काही आश्चर्याचा नव्हता.

बॅडमिंटनची क्रमवारी ५२ आठवड्यांतल्या सर्वोत्तम दहा स्पर्धांवरून ठरते. सय्यद मोदी ही सुपर ३०० दर्जाची स्पर्धा होती. तिथे विजेतीला ७००० आणि उपविजेतीला ५९५० गुण मिळतात. सर्वोत्तम दहाच स्पर्धा धरल्या जात असल्यामुळे अकराव्या, बाराव्या स्पर्धेत लवकर हरले तरी गुण कमी होत नाहीत. फटका बसतो तो वर्षभराने, जुने ५९५० गळून त्यांच्या जागी एखादा लहान आकडा येतो तेव्हा. म्हणजे फेब्रुवारीत बॅडमिंटनपटू खाली आली तर कारण फेब्रुवारीतल्या खेळात न शोधता आधी गेल्या जानेवारीत पाहावे. मालविकाचे पुढचे मोठे यश सप्टेंबर २०२४ मध्ये चीनमधल्या चांगझोऊला आले. सुपर १००० दर्जाच्या चायना ओपनमध्ये तिने पॅरिस ऑलिंपिकची कांस्यपदकविजेती, इंडोनेशियाची ग्रेगोरिया तुनजुंग हिला पहिल्या फेरीत हरवले आणि उपांत्यपूर्व फेरी गाठली. तिथे जपानची अकाने यामागुची आडवी आली. नोव्हेंबरात जर्मनीच्या हायलो ओपनमध्ये ती पुन्हा उपविजेती ठरली. लखनौ ते चांगझोऊ यांत अडीच वर्षांहून अधिक काळ गेला. या काळात ती हरवली नव्हती, हरत-जिंकत खेळत होती. बातमीत नव्हती इतकेच.

बुद्धिबळात हा सगळा हिशेब उघड्यावर आहे, आणि म्हणून तो शिकण्यासाठी सर्वांत उपयोगी आहे. अमेरिकेत स्थायिक झालेले हंगेरियन वंशाचे भौतिकशास्त्राचे प्राध्यापक आर्पाद एलो यांनी तयार केलेली गुणांकन पद्धत जागतिक संघटनेने १९७० मध्ये स्वीकारली. या पद्धतीत डाव सुरू होण्याआधीच दोघांच्या गुणांकनातील फरकावरून प्रत्येकाने किती गुण मिळवणे अपेक्षित आहे हे ठरते. गुणांकन सारखे असेल तर अर्धा-अर्धा. एक जण १०० गुणांनी वरचढ असेल तर त्याच्याकडून ०.६४ ची अपेक्षा, २०० गुणांनी असेल तर ०.७६ ची. डाव संपल्यावर प्रत्यक्ष गुणांतून अपेक्षित गुण वजा करायचे आणि उरलेल्या आकड्याला ठराविक गुणकाने गुणायचे. २४०० चा टप्पा ओलांडलेल्या खेळाडूंसाठी हा गुणक १० आहे.

एक उदाहरण सोडवून पाहणे बरे. अ ही खेळाडू ब पेक्षा २०० गुणांनी वर आहे. अ जिंकली तर तिला २.४ गुण मिळतात. बरोबरी झाली तर २.६ गुण जातात. हरली तर ७.६ गुण जातात. ब च्या बाजूने आकडे तेच, चिन्हे उलटी. बरोबरी म्हणजे दोघींनी हात मिळवून उठणे, पण एकीच्या खात्यात अडीच गुणांची भर आणि दुसरीच्या खात्यातून तेवढीच वजावट. जी वर चढली तिला जिंकून थोडेच मिळते आणि हरून फार जाते. चढताना जे सामने फायद्याचे होते तेच शिखराजवळ धोक्याचे होतात. खेळ तोच, पटही तोच. बदलते ती समोरच्याशी असलेली उंची.

नागपूरच्या दिव्या देशमुखची कारकीर्द या सूत्रावर ठेवून वाचता येते. ९ डिसेंबर २००५ चा तिचा जन्म, आईवडील दोघेही डॉक्टर. २०१४ मध्ये डर्बनला ती दहा वर्षांखालील मुलींची जगज्जेती झाली, २०१७ मध्ये ब्राझीलला बारा वर्षांखालील. २०२२ मध्ये राष्ट्रीय महिला विजेतेपद, २०२३ मध्ये आशियाई. २०२४ च्या जूनमध्ये गांधीनगरला वीस वर्षांखालील मुलींचे जागतिक विजेतेपद अकरापैकी दहा गुणांनी आणि सप्टेंबरात बुडापेस्टच्या ऑलिंपियाडमध्ये तिसऱ्या पटावर अकरापैकी साडेनऊ गुण. संघालाही सुवर्ण, तिलाही सुवर्ण. यादी अशी सलग लिहिली की पराभवाला जागाच उरत नाही. चरित्रे आणि सत्काराची मानपत्रे अशीच लिहिली जातात.

मधल्या जागा पाहिल्या तर चित्र वेगळे दिसते. जानेवारी २०२५ मध्ये नेदरलँड्सच्या वाईक आन झी गावातल्या चॅलेंजर्स गटात दिव्या तळाजवळ राहिली. त्याआधीच्या वर्षी तिथूनच परतल्यावर तिने समाजमाध्यमावर लिहिले होते की प्रेक्षक तिच्या चालींपेक्षा तिचे कपडे, केस आणि उच्चार यांवरच अधिक बोलतात. अठरा वर्षांच्या मुलीने हे जाहीरपणे लिहावे लागणे ही बुद्धिबळजगताला शोभणारी गोष्ट नव्हे. मुलीकडून असलेल्या अपेक्षांत खेळाच्या बाहेरच्या अपेक्षाही मिसळतात आणि त्यांचे गुणांकन कोणी ठेवत नाही. एप्रिलमध्ये पुण्याच्या महिला ग्रां प्रीमध्ये ती कोनेरू हंपी आणि चीनची झू जिनेर यांच्या मागे तिसरी आली.

जुलै २०२५ मध्ये जॉर्जियातल्या बातुमी शहरात महिला विश्वचषक झाला. १०७ खेळाडू, बाद पद्धत. दिव्याला पंधरावे मानांकन होते. ग्रँडमास्टर किताबासाठी लागणारा एकही नॉर्म तिच्याकडे नव्हता. चौथ्या फेरीत दुसरे मानांकन असलेली झू जिनेर, उपांत्यपूर्व फेरीत हरिका द्रोणावल्ली, उपांत्य फेरीत माजी जगज्जेती तान झोंगयी आणि अंतिम फेरीत हंपी. झू आणि हंपी दोघींचे गुणांकन तिच्यापेक्षा सुमारे ८० गुणांनी वर होते, म्हणजे सूत्राप्रमाणे प्रत्येक डावात तिच्याकडून ०.३९ गुणांचीच अपेक्षा. ही गोष्ट फार महत्त्वाची आहे: बातुमीत दिव्यावर हिशेबाचे ओझे नव्हते. झूविरुद्ध आणि हरिकाविरुद्ध निकाल जलद डावांत लागला. तानविरुद्धचा विजयी डाव १०१ चालींचा झाला. अंतिम फेरीतले दोन्ही पारंपरिक डाव बरोबरीत सुटले. २८ जुलैला जलद डावांपैकी पहिलाही बरोबरीत सुटला. दुसऱ्यात दिव्याकडे काळी मोहरी होती. घड्याळ दोघींच्याही अंगावर येत असताना हंपीकडून चूक झाली आणि एकोणीस वर्षांच्या मुलीने तिच्या दुप्पट वयाच्या, २००२ मध्येच ग्रँडमास्टर झालेल्या खेळाडूला हरवले. विश्वचषकाबरोबर तिला थेट ग्रँडमास्टर किताब मिळाला. हा किताब मिळवणारी ती भारतातली चौथी महिला आणि एकूण ८८वी खेळाडू.

त्या दिवसापासून ओझे दुसऱ्या पारड्यात गेले. त्यानंतर दिव्याने घेतलेला निर्णय या विषयाच्या दृष्टीने विश्वचषकाइतकाच मोलाचा आहे. सप्टेंबरात समरकंदच्या ग्रँड स्विस स्पर्धेत महिलांचा स्वतंत्र विभाग होता आणि तिथे तिच्याकडून थेट विजेतेपदाची अपेक्षा केली गेली असती. जगज्जेतीची आव्हानवीर ठरवणाऱ्या कँडिडेट्स स्पर्धेतले स्थान बातुमीतच मिळालेले असल्यामुळे तिला त्या विभागाची गरज उरली नव्हती. ती खुल्या विभागात उतरली. तिथे जवळजवळ प्रत्येक प्रतिस्पर्धी तिच्याहून वरच्या गुणांकनाचा होता. हरणे जास्त होणार हे आधीच ठरलेले, पण प्रत्येक हरण्याची किंमत कमी आणि शिकवणी मोठी. तिथे तिने जगज्जेत्या गुकेशला बरोबरीत रोखले. पावणेतीनशेच्या आसपासचा फरक असताना झालेल्या त्या बरोबरीने तिला तीनेक गुण मिळाले आणि गुकेशचे तेवढेच गेले. गुकेश स्वतः २०२४ च्या डिसेंबरात अठराव्या वर्षी जगज्जेता झालेला. त्याच स्पर्धेत सोळा वर्षांच्या अभिमन्यू मिश्राने त्याला हरवले. तरुणाईच्या ओझ्याची ही उतरंड फार झपाट्याने खाली सरकते. कालचा नवखा आज ज्याला हरवायचे तो होऊन बसतो.

गोव्यात ऑक्टोबरअखेर सुरू झालेल्या खुल्या विश्वचषकात २०६ खेळाडूंमध्ये दिव्या ही एकच महिला होती. पहिल्या फेरीत ग्रीसच्या स्तामातिस कुर्कुलोस-आर्दितिस या ग्रँडमास्टरकडून ती ०-२ अशी हरली. कागदावर तो तिच्यापेक्षा वर होता, त्यामुळे निकाल अपेक्षेविरुद्ध नव्हता. तरी ‘विश्वविजेती पहिल्याच फेरीत गारद’ ही चर्चा झालीच. बातुमीच्या विश्वचषकाने लोकांच्या मनातले तिचे गुणांकन खऱ्या गुणांकनाच्या शंभर-दोनशे गुण पुढे नेऊन ठेवले होते. खेळाडूला जे सोसावे लागते ते या दोन आकड्यांमधले अंतर.

वऱ्हाडात हा प्रश्न सर्वांत आधी क्रिकेटमधून ओळखीचा झाला. अकोल्याच्या अथर्व तायडेने २०१७-१८ च्या हंगामात कूचबिहार करंडकाच्या अंतिम सामन्यात मध्य प्रदेशविरुद्ध ३२० धावा केल्या. विदर्भाचे ते त्या स्पर्धेतले पहिले विजेतेपद. त्याच हंगामात वरिष्ठ संघाने पहिल्यांदा रणजी जिंकली होती, त्यामुळे नव्या मुलाकडे पाहणाऱ्या नजरा भलत्याच मोठ्या झाल्या. पुढच्या उन्हाळ्यात श्रीलंकेत एकोणीस वर्षांखालील संघाकडून त्याने दोन कसोटींत दोन शतके ठोकली. आयपीएलच्या मैदानावर तो दिसला तो २०२३ मध्ये, पंजाबकडून. २०२५ च्या ऑक्टोबरात नागपूरला इराणी करंडकात शेष भारताविरुद्ध त्याच्या १४३ धावा झाल्या आणि विदर्भ जिंकला. अमरावतीचा जितेश शर्मा आयपीएलमधल्या मुंबईच्या संघात असूनही एकही सामना न खेळता बसून राहिलेला. तिथे त्याला खेळायला मिळाले २०२२ मध्ये, अठ्ठाविसाव्या वर्षी. भारताकडून तो २०२३ मध्ये खेळला आणि २७ मे २०२५ ला लखनौत ३३ चेंडूंत नाबाद ८५ धावा करून त्याने बंगळुरूला सामना जिंकून दिला. या दोघांच्या वाट्याला आलेली वाट पाहण्याची वर्षे संघाच्या आडोशाने गेली. ड्रेसिंग रूममध्ये अकरा-पंधरा जण असतात, हरण्याचे माप वाटले जाते. टेनिस किंवा बॅडमिंटन खेळणारी मुलगी हॉटेलच्या खोलीत एकटी किंवा आईसोबत असते आणि फोनवर पहिला प्रश्न येतो: ‘काहून हारली बाप्पा?’

प्रश्न मायेनेच विचारलेला असतो. त्याचे उत्तर त्या संध्याकाळी देता येत नाही, एवढीच अडचण. चांगले प्रशिक्षक सामन्यानंतर लगेच चिरफाड करत नाहीत. बुद्धिबळात तर रीतच आहे: हरलेला डाव खेळाडूने आधी स्वतः, संगणकाची मदत न घेता, लिहिलेल्या चालींवरून पुन्हा मांडायचा. कुठे वेळ जास्त गेला, कुठली चाल भीतीने केली आणि कुठली विचाराने, हे पेन्सिलीने बाजूला लिहायचे. संगणक नंतर उघडायचा. आधीच उघडला तर तो दोन सेकंदांत सांगतो की २३वी चाल चूक होती, आणि मुलाला वाटते समजले. समजलेले काहीच नसते. बॅडमिंटनमध्ये हेच काम गमावलेल्या गुणांची वर्गवारी करून होते: प्रतिस्पर्ध्याने मिळवलेला गुण वेगळा, स्वतः जाळीत मारलेला वेगळा, बाहेर घालवलेला वेगळा. ९-२१ अशा गेमकडे या रकान्यांतून पाहिले की ‘वाईट खेळले’ या एका शब्दसमूहाच्या जागी सोमवारी कशाचा सराव करायचा त्याची यादी हातात येते.

अमरावतीची क्रीडापरंपरा जुनी आहे. श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाची स्थापना १९१४ ची आणि १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी मंडळाच्या चमूने तिथे कबड्डीसह देशी खेळांची प्रात्यक्षिके केली होती. मल्लखांब, लेझीम, कवायत यांत घडलेली ही परंपरा समूहाची आहे. जगाच्या क्रमवारीत एकट्या मुलीचा क्रमांक आठवड्याला वर-खाली होणे हा या परंपरेसाठी नवा अनुभव आहे. बुद्धिबळात मात्र वऱ्हाडाने स्वतःचा माणूस घडवला. ग्रँडमास्टर स्वप्नील धोपाडे अमरावतीचे. २०२२ च्या मामल्लपुरम ऑलिंपियाडमध्ये ते भारतीय महिला संघांच्या प्रशिक्षकवर्गात होते. अशा माणसाचा गावाला होणारा उपयोग त्याच्या पदकांहून मोठा असतो, कारण हरल्यावर काय करायचे हे विचारायला कोणीतरी जवळ असते.

बाकी सारे लांब आहे. अमरावतीहून नागपूर दीडशे किलोमीटर, अकोल्याहून अडीचशे. मोठ्या स्पर्धेसाठी मुंबई-पुणे गाठायचे तर बडनेरा किंवा अकोला स्थानकावरून रात्रीची गाडी धरावी लागते. अमरावतीच्या बेलोरा विमानतळावरून विमान सुटू लागले ते २०२५ च्या एप्रिलमध्ये. सकाळी नऊला पहिल्या फेरीत हरलेली मुलगी संध्याकाळच्या गाडीपर्यंत बॅगेवर बसून राहते आणि दुसऱ्या दिवशी शाळेत हजर होते. मोठ्या शहरातली मुलगी हरून दुपारी सरावाला जाते. हा फरक कौशल्याचा नाही, पण वर्षाला दहा-बारा वेळा तो मोजावा लागला की कौशल्यात उतरतो. जिंकली तर राजकमल चौकात फलक लागतो, शाल-श्रीफळ होते, नेत्यांबरोबर फोटो होतात. सत्काराला हरकत नाही. मात्र चौदा वर्षांच्या मुलीला ‘भावी ऑलिंपिकवीर’ म्हणणारा फलक पुढच्या स्पर्धेच्या पहिल्या फेरीपर्यंत चौकातच असतो, आणि तो तिच्या वाटेवर असतो.

या धोक्याची जाणीव टेनिसला एका मुलीमुळे झाली. अमेरिकेची जेनिफर कॅप्रियाती १९९० मध्ये चौदावे पूर्ण होण्याआधीच व्यावसायिक झाली, १९९२ मध्ये बार्सिलोनाला ऑलिंपिक सुवर्ण जिंकली आणि नंतर दीर्घकाळ खेळापासून दूर गेली. त्यानंतर महिला टेनिसमध्ये वयाचा नियम आला. पुढे बरीच वर्षे या नियमानुसार चौदाव्या वर्षी आठ, पंधराव्या वर्षी दहा, सोळाव्या वर्षी बारा आणि सतराव्या वर्षी सोळा व्यावसायिक स्पर्धांपलीकडे खेळता येत नव्हते. कॅप्रियाती परतली आणि २००१ मध्ये तिने दोन ग्रँड स्लॅम स्पर्धा जिंकल्या. पण तिचे पुनरागमन नियमाची गरज कमी करत नाही. फेब्रुवारी २०२५ मध्ये मुंबईतल्या व्यावसायिक स्पर्धेत पंधरा वर्षांची माया राजेश्वरन पात्रता फेरीतून उपांत्य फेरीपर्यंत गेली आणि स्वित्झर्लंडच्या जिल टायखमानकडून हरली, तेव्हा देशभर तिची चर्चा झाली. वयाच्या नियमामुळे अशा मुलीला दर आठवड्याला कुठेतरी उतरवण्याचा मोह आयोजकांना आणि घरच्यांना आवरावा लागतो.

महाराष्ट्रातल्या टेनिसपटूंपैकी श्रीरामपूरच्या ऋतुजा भोसलेने वेगळी वाट धरली. २०१२ मध्ये सोळाव्या वर्षी ती फेड कपमध्ये भारताकडून खेळली आणि पुढे अमेरिकेत टेक्सास ए अँड एम विद्यापीठात शिकायला गेली. अमेरिकन विद्यापीठांच्या टेनिसमध्ये सामना वैयक्तिक असला तरी गुण संघाचा असतो. एकीने गमावलेला सामना दुसरी भरून काढते, आणि हरण्याची सवय होण्याच्या वयात ही सोय फार उपयोगी आहे. परतल्यावरही तिला छोट्या स्पर्धांतूनच वाट काढावी लागली. ३० सप्टेंबर २०२३ ला हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत रोहन बोपण्णासोबत मिश्र दुहेरीचे सुवर्ण तिने जिंकले तेव्हा ती सत्तावीस वर्षांची होती. अंतिम सामन्यात पहिला सेट त्यांनी २-६ असा गमावला होता. पुण्याच्या वैष्णवी आडकरनेही २०२५ मध्ये जर्मनीतल्या जागतिक विद्यापीठ स्पर्धेत एकेरीचे कांस्य जिंकले. १९७९ मध्ये नंदन बाळ यांनी मिळवलेल्या पदकानंतर भारताचे टेनिसमधले तिथले ते पहिलेच.

राहिला पैशाचा भाग, जो बहुतेक चर्चांत शेवटी येतो आणि घरात सर्वांत आधी. १५ हजार डॉलर दर्जाच्या आंतरराष्ट्रीय महिला टेनिस स्पर्धेत मुख्य फेरीच्या पहिल्या सामन्यात हरणाऱ्या खेळाडूला क्रमवारीचा एकही गुण मिळत नाही. प्रवास, राहणे, रॅकेटच्या तारा आणि प्रशिक्षकाचे मानधन मात्र जिंकणारीइतकेच लागते. बातुमीच्या विजयानंतर राज्य शासनाने दिव्या देशमुखला तीन कोटी रुपये दिले. ऑगस्ट २०२५ मध्ये नागपूरला तो सत्कार झाला, आणि ते योग्यच झाले. राज्यात खेळाडूंना शासकीय नोकरीत पाच टक्के आरक्षण आहे, दहावी-बारावीला वाढीव गुणांची सवलत आहे. या सर्व सोयी मिळालेल्या यशाच्या प्रमाणपत्रावर चालतात. प्रमाणपत्राआधीची जी सात-आठ वर्षे मूल जास्त हरते आणि कमी जिंकते, त्या वर्षांचा खर्च अमरावतीत आणि अकोल्यात आईवडिलांच्या पगारातून, शेतीच्या उत्पन्नातून किंवा भविष्यनिर्वाह निधीतून होतो. जिल्हा संघटना, व्यायामशाळा आणि महाविद्यालये या वर्षांसाठी प्रवासखर्चाची लहान पण नियमित तरतूद करू शकतात. ती तरतूद निकालावर न ठेवता खेळलेल्या स्पर्धांच्या संख्येवर ठेवली, तर पहिल्या फेरीत हरून आलेल्या मुलीलाही पुढच्या महिन्याचे तिकीट काढता येईल.